लेझर बंद असतानाचे पट्टे

मित्रांनो, मी त्रिएस्ते शहरामागच्या डोंगरावरील प्रयोगशाळेतला एक जुना पडदा आहे. कापडाचा नव्हे, नखाएवढी, काचेसारखी चकती. भट्टीत स्फटिकाचा खडा वाढवून, कापून, घासून मला घडवले आणि हवा काढलेल्या नळीत बसवले.

नळीतून इलेक्ट्रॉनांचे पुंजके येत. ते इतके झटकन जात, की पापणी लवणेही त्यापुढे युगासारखे. वाटेत लेझरचा प्रकाश त्यांच्यात बारीक लाटा उमटवी. मग विजेचा एक धक्का पुंजक्याला माझ्यावर उभा पसरवी, डोके वर, शेपूट खाली. मी उजळे आणि कॅमेऱ्याला त्या लाटा पट्ट्यांसारख्या दिसत.

“पडदा नाही, सोनं आहे हे,” विभागप्रमुख तुल्लिओ म्हणत.

एकदा लेझर बंद होता, तरी पट्टे दिसले.

“ओरखडे पडलेत पडद्याला,” तुल्लिओ म्हणाले.

“नाही, डॉक्टर,” नीवेस म्हणाली. ती करारावर लागलेली संशोधक होती. “लेझरच्या आधीच इलेक्ट्रॉनांच्या झोतात लाटा उठताहेत. झोत जरा सरकवू या. ओरखडे असतील तर पट्टे जागचे हलणार नाहीत.”

“प्रयोग बघायला आलेले पाहुणे ताटकळलेत, पोरी. आणि झोत गुळगुळीत आहे, असं मी सगळ्यांना सांगून बसलोय.”

“म्हणून तो गुळगुळीत होतो का?”

“डोंगरावरचा तो पिसाट बोरा वारा शिरलाय हिच्या डोक्यात,” ते इतरांकडे वळून म्हणाले. सगळे हसले. नीवेसचा करार पुढे वाढला नाही.

उन्हाळ्यात मला काढले. मी किरणांनी बाधलेला, म्हणून शिशाच्या पेटीत घालून दालनाच्या कोपऱ्यात ठेवले. नव्या पडद्यावरही तेच पट्टे आले. आता तुल्लिओंनी झोत सरकवला. पट्टे झोताबरोबर सरकले.

“जुन्या खराब पडद्यापायी हा शोध इतका लांबला,” त्यांनी सभेत सांगितले. टाळ्या पडल्या.

“नीवेस तिकडे ऊदिने शहरात चष्म्याच्या दुकानात आहे म्हणे,” माझ्या पेटीवर कॉफीचा पेला टेकवत एक तंत्रज्ञ म्हणाला.

“बरंय की,” दुसरा म्हणाला. “तिथे लोक नीट दिसावं म्हणून येतात.”

मित्रांनो, मला पुसले, जपले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नको ते दिसले, की दाखवणाऱ्यालाच खराब ठरवू नका. आधी झोत सरकवून बघा. तेवढाही धीर नसेल, तर निदान भिंगाखाली तरी धरा.

माझ्यावर एकही ओरखडा नाही. हे ठाऊक असलेले एकच माणूस इथे होते.