मिठाच्या डब्यावरचं अक्षर

पुण्याच्या हंसा वैद्य यांचं पत्र मला १९७९च्या फेब्रुवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. ते पाच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात पडून होतं. खण उघडायची वेळच येऊ नये म्हणून शाईची दौत आणि टाचण्या मी वरच्या फळीवर हलवल्या होत्या.

पत्र छोटंसंच होतं. मुलांच्या शिबिरांवर त्या संशोधन करत होत्या आणि आमच्या चर्चच्या मासिकातला माझा लेख त्यांनी वाचला होता. आश्रमशाळांसाठी त्या एक पुस्तिका लिहिणार होत्या. त्यांनी विचारलं होतं, 'घराच्या आठवणीने रडणाऱ्या मुलांसाठी आपण जी पद्धत वापरली, ती आपल्याला कुठे मिळाली?'

उत्तर एका ओळीचं होतं. पण ती ओळ लिहिली की माझा लेख खोटा पडत होता.

ते शिबिर आदल्या वर्षीच्या मे महिन्यात कळंबच्या किनाऱ्यावर झालं होतं. सुरूच्या बनात झावळ्यांचा मांडव, मुलं चाळीस, दिवस दहा. अठ्ठावीस मुलं आमच्या निर्मळची आणि आसपासच्या गावांची, बारा तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरची, वारल्यांची. सगळ्यांना एकत्र आणायची कल्पना माझी. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दिवसभर पुस्तकं वाचून डोक्यात असलं काहीतरी येत असे.

त्याच्या आदल्या वर्षीचं पहिलं शिबिर मात्र फसलं होतं. तिसऱ्या दिवसाच्या आत सात मुलं घरी गेली. एका मुलाला न्यायला वडील बैलगाडी घेऊन आले, तर मागून आणखी तिघं न विचारता गाडीत चढून बसली. म्हणून या वेळी आमच्या समितीचे प्रमुख पास्कलभाऊ, ज्यांच्या केळीच्या वाड्या आहेत, त्यांनी मला बजावलं होतं.

"मास्तर, एक जरी पोर मधेच घरी आलं, तर पुढल्या वर्षीपासून शिबिर बंद. पोरांनी रडायचंच असेल तर आपल्या ओट्यावर रडावं. त्यासाठी कळंबपर्यंत कशाला जायचं?"

मी मान हलवली. मला उत्तरं सुचतात, पण माणूस निघून गेल्यावर.

तयारी म्हणून मी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दोनदा वाचून काढलं. शेकडो मुलांचं निरीक्षण करून लिहिलेलं होतं ते. त्यात एक आलेख होता: घराची ओढ दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगळ्यांत जास्त असते, हे त्यावरून दिसत होतं. तो आलेख मी वहीत उतरवून घेतला आणि पहिल्या दिवशी मांडवाच्या खांबाला टेकून तीच वही पुन्हा पुन्हा वाचत बसलो. मुलं समुद्राकडे धावत होती. त्यांच्याशी काय बोलावं ते मला कळत नव्हतं.

पाड्यांवरच्या मुलांबरोबर स्वयंपाकाला म्हणून भागूबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक. त्यांनी चुलीपासून हाक मारली.

"मास्तर, इकडं या जरा. या डब्यांवर नावं लिवून द्या. माझा घोळ होतो."

मला काम मिळालं. भाताच्या खळीने कागद चिकटवून मी चौदा डब्यांवर सुवाच्य अक्षरात नावं लिहिली. मीठ, साखर, हळद, मिरची, तूरडाळ. सगळी दुपार त्यात गेली. भागूबाई प्रत्येक डबा हातात घेऊन म्हणत, "बेस."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, अगदी आलेखाप्रमाणे, रडणं सुरू झालं. आमच्याच गावातल्या रोझलिनची एमिली, नऊ वर्षांची, मांडवाच्या कोपऱ्यात उशी कवटाळून हुंदके देऊ लागली. पुस्तकात लिहिलं होतं की मुलाला गोड खाऊ द्यावा आणि त्याचं लक्ष दुसरीकडे वळवावं. मी खिशातून लिमलेटची गोळी काढून तिला दिली. ती थांबली. मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला.

मग तिच्या शेजारची मुलगी रडू लागली. तिलाही गोळी दिली. मग पलीकडचा मुलगा. अर्ध्या तासात अकरा मुलं रडत होती, आणि त्यातला एक हुंदक्यांच्या मधे थांबून मला म्हणाला, "सर, मला नारिंगी नको, हिरवी द्या." गोळ्या संपल्या तेव्हा मात्र सगळी खरंच रडू लागली. एमिलीने पुन्हा सुरुवात केली आणि स्वच्छ आवाजात जाहीर केलं, "मी उद्या सकाळी घरी जाणार."

पास्कलभाऊ दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाहणीला येणार होते.

भागूबाई चुलीपासून उठल्या, पदराला हात पुसत एमिलीजवळ येऊन बसल्या. डोक्यावरून हात फिरवतील असं मला वाटलं. तसं काही त्यांनी केलं नाही.

"ए बाय, तुझी आय डालीला फोडनी कशी देते ग?"

"लसणाची," एमिली रडत रडत म्हणाली.

"म्हंजे आधी लसून टाकायची, मग तेल?"

"नाही!" हुंदका अर्ध्यावर राहिला. "आधी तेल तापवायचं!"

"मला नाय बा जमत तसं. चल, दाखव."

एमिली नाक पुसत चुलीपाशी गेली. तेल तापेपर्यंत ती भागूबाईंना रागावू लागली होती. "एवढा जाळ नको! करपेल ना!" बाकीची मुलं बघायला गोळा झाली, आणि आमची आई मिरी घालते, आमच्याकडे चिंच कोळतात, असा वाद पेटला. पाड्यावरचा एक मुलगा कुणाशी बोलत नव्हता. त्याला भागूबाईंनी पळसाच्या पानांचे द्रोण लावायला बसवलं आणि आमच्या गावच्या चार मुलांना त्याच्या हाताखाली दिलं. द्रोण गळू लागले की तो त्यांना गाढव म्हणे. पहिल्यांदाच तो बोलताना ऐकू आला.

ती डाळ खारट झाली होती. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतली.

जेवणं झाल्यावर मी भागूबाईंना विचारलं, "तुम्ही तिची समजूत का नाही काढली?"

"रडनाऱ्याला देऊ नये मास्तर. त्याच्याकडं मागावं. माझी सासू सांगायची, नवी सून आली की तिला पानी देऊ नका, तिच्याकडं मागा. दिलं की ती पावनी. मागितलं की घरची."

मी ते वहीत, आलेखाच्या खाली, लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून यादी केली. घराची ओढ केव्हा लागते ते माझ्या पुस्तकाला माहीत होतं आणि तेव्हा काय करायचं ते भागूबाईंना. म्हणून दिवेलागणीची वाटच बघायची नाही, दुपारी चारलाच मागायला सुरुवात करायची. कोणाकडे काय मागायचं ते मुलांशी बोलून शोधायचं. हे माझं काम ठरलं. मी मुलांशी बोलू लागलो, कारण बोलल्याशिवाय यादी पुरी होत नव्हती. एकाला जाळ्याची गाठ येत होती, एकाला लॅटिन प्रार्थना उलट्या म्हणता येत होत्या. तेही आम्ही मागितलं.

संध्याकाळी पास्कलभाऊ आले आणि रडकं मूल शोधत मांडवभर फिरले. सापडेना म्हणून जरा हिरमुसलेच. भागूबाईंनी त्यांना गाठलं.

"भाऊ, केळीचा लोंगर उतरवताना खाली पडू नये म्हनून काय करता तुमी? या पोरांना कायच म्हाईत नाय."

पास्कलभाऊ तासभर बोलत होते. दुसऱ्या दिवशी स्वतः एक लोंगर खांद्यावर घेऊन आले, तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोने निरोप पाठवला की शिबिर मुलांचं आहे, तुम्ही घरी या.

एकही मूल घरी गेलं नाही.

त्यानंतर मासिकाने माझ्याकडून लेख मागितला. तो मी तीनदा लिहिला, आणि प्रत्येक वेळी भागूबाईंचं नाव घातलं तर लोक हसतील असं वाटून ते खोडलं. शेवटी छापून आलं ते असं: 'आधुनिक बालमानसशास्त्राच्या आधारे मी एक पद्धत सिद्ध केली.' भागूबाईंविषयी एक वाक्य होतं: 'स्वयंपाकाची व्यवस्थाही चोख होती.'

शिबिर पुढे दर वर्षी झालं आणि भागूबाई दर वर्षी आल्या. मला धास्ती वाटे. डब्यांवरची नावं वाचतात त्या अर्थी त्यांना अक्षरओळख आहे, मग मासिक कुणी त्यांच्या हाती दिलं तर? मी त्यांच्याशी जपून बोले.

यंदा, १९८४च्या जूनअखेरीस, त्या एसटीने माझ्या घरी आल्या. एका हातात शेवळांच्या रानभाजीची जुडी, दुसऱ्या हातात मोठी काळी छत्री.

"मास्तर, एक पत्र लिवून द्या."

त्यांची नात बारकी त्या महिन्यात आश्रमशाळेच्या वसतिगृहात दाखल झाली होती आणि पंधरा दिवसांत दोनदा पळून आली होती.

"दुसऱ्या बारीला तर हेडमास्तरची छत्री घिऊन आली. ही काय. तिसऱ्यांदा पळाली तर पटावरनं नाव काढू म्हनतात. पोरगी हुशार हाय मास्तर, आमच्यात पैलीच शाळेत गेली. बाई पन चांगली हाय तिथली. पोरी रडल्या की गोळ्या देते."

"गोळ्या?"

"तिला म्हटलं तर म्हनाली, पुस्तकात तसंच हाय. हे दिलंय तिनं, बगा."

पुस्तिका पातळ होती. मुखपृष्ठावर नाव होतं, हंसा वैद्य, पुणे. मी रडणाऱ्या मुलांविषयीचं पान शोधलं. 'गोड खाऊ द्यावा. लक्ष दुसरीकडे वळवावे.' आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपात: 'वसई भागातील एका शिबिरात निराळी पद्धत यशस्वी झाल्याचे समजते. तपशील मिळू शकला नाही.'

मी ती बारीक ओळ पुन्हा वाचली.

"काय लिवलंय?" भागूबाईंनी विचारलं.

"तुम्ही वाचलं नाही?"

"मला कुठं वाचता येतं?"

"मग डबे? डब्यांवर नावं लिहून मागितलीत ती?"

भागूबाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. "तुमचं तोंड पाह्यलं तवा. बायको गेलेली, घर सुटलेलं, वहीत नाक घालून बसलेले. त्या शिबिरातला पैला रडका तुमीच की. मग तुमच्याकडं काय मागनार? फोडनी?"

मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी त्यांना सगळं सांगून टाकलं. लेख, हंसाबाईंचं पत्र, पाच वर्षं. त्या ऐकत राहिल्या. मग शेवळांची जुडी सोडत म्हणाल्या, "मग आता दोन पत्रं लिवा. एक बारकीच्या बाईला, एक या पुस्तकवालीला."

बारकीच्या बाईंचं पत्र पटकन झालं. बारकीला रडताना पाहिलं की गोळी देऊ नका, शेवळं घशाला खाजू नयेत म्हणून काय करायचं ते तिला विचारा. भाजी तिलाच करायला लावा.

दुसऱ्या पत्राला तास लागला. भागूबाईंनी तोवर भाजी निवडली, चहा केला. पान भरलं तेव्हा त्या माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागल्या आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे मिठाच्या डब्यावरचं."

"काय?"

"हे अक्षर. हलद रंगानं कलते. मीठ न साखर सारखीच दिसतात, म्हनून तेवढं डोक्यात ठेवलं होतं. हे बगा. इथं पन. इथं पन." बोट खाली सरकत गेलं. मी अत्यंत दिलगीर आहे. मी कबूल करतो. मी त्या वेळी. मी स्वतःला. बोट नऊ वेळा थांबलं. "मास्तर, पत्रात मीठ फार झालं."

मी तो कागद फाडला आणि नवा घेतला. या वेळी पाच मिनिटं लागली.

'हंसाबाई, आपल्या प्रश्नाचं उत्तर पाच वर्षं उशिरा. ही पद्धत भागूबाईंची. त्यांना ती सासूकडून मिळाली. रडणाऱ्याला देऊ नये, त्याच्याकडे मागावं. दिलं की पाहुणा, मागितलं की घरचा. मासिकातल्या लेखात हे लपवलं गेलं, ते चूक होतं. पुस्तिकेत दुरुस्ती करताना नाव भागूबाईंचं घालावं.'

वाचून दाखवल्यावर भागूबाई म्हणाल्या, "माझं एकटीचं नको. सासूचं पन घाला."

"नाव काय त्यांचं?"

त्या विचारात पडल्या. "आयाच म्हनायचो सगले."

मी तसंच लिहिलं: 'आणि त्यांच्या सासूबाई आयांचं.'

"आता त्या बाईकडं पन कायतरी मागा," भागूबाई म्हणाल्या. "नुसतं दिलं तर पावनी होईल."

मी खाली आणखी एक ओळ घातली: 'पुढच्या मे महिन्यात कळंबला शिबिर आहे. भांडी घासायला माणूस कमी पडतो. आपण याल का?'

आम्ही पोस्टात गेलो. रिमझिम होती, म्हणून पत्रांवर हेडमास्तरांची छत्री धरली होती. बारकीचं पत्र भागूबाईंनी स्वतः पेटीत टाकलं. माझं पाकीट अर्धं आत गेलं आणि मला वाटू लागलं की पत्ता जुना आहे, बाईंनी घर बदललं असेल, भांड्यांची ओळ फार आगाऊ झाली, उद्या सावकाश पुन्हा वाचून टाकलं तर बरं.

"हात काढा मास्तर," भागूबाई म्हणाल्या. "पेटी काय चावत नाय."

मी बोटं सोडली.