आमच्या घरातली स्वीपर

आमच्या मैत्रीला, म्हणजे माझ्या नातीला, एक वाईट खोड आहे. कुठलीही गोष्ट ती अर्धीच सांगते. खोटं बोलत नाही, ते मी तिच्या अंगाला लागू दिलेलं नाही. पण खरं सांगता सांगता मध्येच थांबते आणि उरलेलं आपण शोधत बसायचं. "आजी, डबा सांडला," म्हणेल. कुठं सांडला, हे खालच्या मजल्यावरच्या बाई स्कूटरची सीट पुसून झाल्यावर वर येऊन सांगतात. "निकाल लागला," म्हणेल आणि पंखा लावून आडवी होईल. सोळा वर्षांची घोडी झाली, गोलकीपर म्हणून फुटबॉलच्या क्लबात नाव काढलं, पण तोंडातून वाक्य पुरं बाहेर काढायचं म्हटलं की हिला धाप लागते.

त्या मंगळवारीही तेच. संध्याकाळी मैदानावरून आली, बूट दारात भिरकावले आणि स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "मम्मी, सरांनी मला स्वीपर केलंय."

मी बाहेर मेथी निवडत होते. हातातली जुडी तशीच राहिली.

"काय केलंय म्हणालीस?"

"स्वीपर," मैत्री म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. झालं. हिचं सांगून संपलं.

आता हा शब्द आमच्या घरात कसा ऐकू येतो ते सांगायला हवं. मी एकतीस वर्षं नारायण पेठ झाडली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, नवरा धोंडिबा लवकर गेला, पदरात एकटा संजय. पहाटे हजेरी लावायची, खराटा घ्यायचा आणि दुकानं उघडायच्या आत गल्ली लख्ख करायची. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. लाज लोकांना वाटायची, माझ्या वतीनं. झाडून पाठ वळवली की वरच्या गॅलरीतून शिळ्या भाताचं ताट रिकामं करणारे हात मी पाहिलेत. "ए स्वीपर" म्हणून हाक मारणारे तर रोजचेच. मला नाव आहे, प्रेमला, तीन अक्षरी. ते एकतीस वर्षांत मोजक्याच तोंडांना उच्चारता आलं.

रिटायर झाले तेव्हा लोक म्हणाले, पोराला वारसानं चिकटवून द्या. मी म्हटलं, नाही. खराटा ठेवला तो ठेवला, या घरात आता कोणाच्या हाती यायचा नाही. संजय डिप्लोमा करून आधीच कंपनीत लागला होता, त्यानं त्याच वर्षी धायरीत हा फ्लॅट घेतला. अकरा वर्षं झाली. घरातला केरसुद्धा सून काढते, तोही मशीननं. आणि आता कोण कुठले विश्वजीत सर माझ्या नातीला स्वीपर करणार?

"उद्यापासून मैदानावर जायचं नाही," मी सांगून टाकलं.

अक्षता, म्हणजे माझी सून, बाहेर आली. "अहो आई, ते खेळातलं नाव असेल काहीतरी. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. वर्षभर पोरगी राबलीय."

"खेळातली नावं कोण ठेवतं आणि कोणाला ठेवतं, ते मला नको सांगूस. अकरा पोरी आहेत ना? नेमकी आमचीच सापडली?"

अक्षतानं मैत्रीकडे पाहिलं, म्हणजे बोल की काहीतरी. मैत्रीनं बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. एरवी मैदान बंद म्हटलं की घर डोक्यावर घेणारी पोरगी. आज गप्प. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बुधवारी दुपारी चारला मी पांढरी साडी नेसले, पायात चपला घातल्या आणि मैत्रीला म्हटलं, "चल. तुझ्या सरांना भेटायचंय."

"कशाला आजी? नाही जाणार म्हटलं ना मी."

"तू नको जाऊस. मी जाते. तू फक्त रस्ता दाखव."

वडगावच्या बाजूला त्यांचं मैदान आहे. पोरी धावत होत्या आणि एक दाढीवाला तरुण गळ्यात शिट्टी अडकवून ओरडत होता. "अवनी, खाली ये, खाली! तू फॉल्स नाइन आहेस!"

मी मैत्रीला विचारलं, "हा काय शिव्या देतोय?"

"शिवी नाही गं. फॉल्स म्हणजे खोटी. खोटी नऊ नंबर."

"पोरीला तोंडावर खोटी म्हणतो? वा!" माझा पारा आणखी चढला. मी तडक आत गेले. "अहो सर, तुम्हीच का विश्वजीत?"

"हो आजी, नमस्कार. आपण?"

"मी मैत्रीची आजी. एकीला खोटी म्हणता, एकीला झाडूवाली. तुमच्या इथं खेळ शिकवतात की पोरींचा पाणउतारा करतात?"

सर दचकले. मग मैत्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली. ते मला आवडलं. माणसानं बोलणी खायची तयारी दाखवावी.

"आजी, बसा. दोन मिनिटं ऐका, मग हवं तेवढं बोला." त्यांनी खुर्ची आणली आणि जमिनीवर पाण्याच्या बाटल्या मांडल्या. "अवनीचा नंबर नऊ. नऊ नंबरनं समोरच्या गोलापाशी थांबायचं असतं. ही थांबत नाही, मागं सरकते. तिला धरायला समोरची पोरगी तिच्यामागं येते आणि तिथं जागा रिकामी होते. म्हणून खोटी नऊ."

"म्हणजे हजेरी एकीकडे आणि काम दुसरीकडे."

"अगदी!"

"असली माणसं मी खूप पाहिलीत. त्यांना कोणी इतकं गोड नाव दिलं नव्हतं. पुढं बोला. स्वीपरचं बोला."

त्यांनी चार बाटल्या उचलून पार मैदानाच्या मध्यापर्यंत सरकवल्या. "या आपल्या बचावाच्या चौघी. हल्ली त्या गोलापाशी थांबत नाहीत, इतक्या वर जातात. हाय लाइन म्हणतात. आता त्यांच्या मागं बघा किती मोकळं."

"सगळ्या बाया रस्त्यावर आणि अंगण उघडं."

"तेच तर. त्या उघड्या अंगणात समोरच्यांनी बॉल टाकला, तर तो काढणार कोण?" त्यांनी गोलातली बाटली उचलली आणि पुढं आणून ठेवली. "गोलकीपर. दार सोडून पुढं येते, धोका घरात शिरायच्या आधीच झाडून काढते. म्हणून स्वीपर कीपर. आजी, हे काम मी सगळ्यात हुशार पोरीलाच देतो. जिला पुढचं आधी दिसतं तिला."

मी बाटल्यांकडे बघत राहिले. राग उतरायला लागला की मला फार अवघडल्यासारखं होतं. मी विचारलं, "मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. महिनाभर हेच शिकवतोय मैत्रीला. जमतही होतं. पण मागच्या आठवड्यात ती पुढं आली आणि तिच्या डोक्यावरून गोल झाला. तेव्हापासून दारातून हलायला तयार नाही. सोमवारी तर म्हणाली, माझ्या आजीला स्वीपर शब्द चालायचा नाही, मला साधी कीपरच राहू द्या."

"कधी म्हणाली?"

"सोमवारी."

"मी तो शब्द मंगळवारी ऐकला."

सर एकदम बाटल्या गोळा करायला लागले. मी मैत्रीकडे वळले. तिची नजर बुटाच्या नाडीवर.

"म्हणजे तुला ठाऊक होतं, मी भडकणार. मला पुढं घालून तू मागं लपलीस. आजीची हाय लाइन केलीस होय गं?"

दोन पोरी हसल्या. मैत्री नाही हसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पहिल्यांदाच तिनं वाक्य पुरं केलं. "दारात उभं राहून गोल झाला तर लोक म्हणतात, शॉट चांगला होता. पुढं येऊन झाला तर म्हणतात, ही वेडी कशाला आली बाहेर. मागं कोणीच नसतं आजी. एकटं वाटतं. सगळे हसतात."

पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर एकटं उभं राहणं म्हणजे काय, हे तिला कोणी सांगायचं? मीच सांगायला हवं होतं. अकरा वर्षं मी त्यातलं अक्षर काढलं नव्हतं. या एका बाबतीत अर्धं सांगायची खोड तिनं कुठून उचलली, ते माझं मला कळलं.

मैदानाच्या कडेला सुखदेव नावाचा राखणदार पाला झाडत होता. झाडत कसला, पाल्याच्या मागं धावत होता. वारा समोरून, आणि हा बापडा वाऱ्याच्या तोंडावर खराटा मारत होता.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"अहो बाई, असू द्या, मी करतो."

"ते दिसतंय."

अकरा वर्षांनी खराटा हातात घेतला. मूठ जिथल्या तिथं बसली. पदर खोचला. मैत्री जवळ आली, तिच्यामागं अवनी आणि बाकीच्याही.

"हे बघ. पाल्याच्या मागं धावलं तर तो पुढंच पळतो. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. तो पाला कुठं नेऊन टाकणार ते ठरवायचं. आणि पाला पोचायच्या आत आपण तिथं." मी वाऱ्याला पाठ दिली, चार लांब हात मारले, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ढीग लागला. "तुझा वारा कुठला?"

मैत्रीनं डोळे पुसले. "बॉल मारणारीचा पाय."

"मग बॉलकडे काय बघत बसतेस? पायाकडे बघ. तो वळला की नीघ. आणि एक ऐक. निघालीस की अर्ध्या वाटेत थांबायचं नाही. अर्ध्यात थांबलेली झाडणारी रस्ता आणखी घाण करते. माझे मुकादम होते रंगराव, ते गल्लीच्या मधोमध कधी बघायचे नाहीत. थेट कोपरा बघायचे. मध्ये कोणीही झाडतं. कोपऱ्यापर्यंत जाते तीच खरी."

"आणि लोक हसले तर?"

"मला एकतीस वर्षं हसले. गल्ली कोणाची स्वच्छ होती?"

सुखदेवला खराटा परत दिला, तेव्हा विश्वजीत सर मोबाइलवर माझा व्हिडिओ घेत होते. मी म्हटलं, "सर, तो पुसून टाका. साडी इस्त्रीची नाही."

रविवारी अख्खं घर मैदानावर. संजयनं रविवारच्या पाळीची सुट्टी घेतली, अक्षतानं थालीपिठं केली. निवड करणारे तिघं खुर्च्यांवर कागद घेऊन बसले होते. मी मुद्दाम मैत्रीच्या गोलामागं जागा धरली.

पहिल्या दहा मिनिटांत जे नको होतं तेच झालं. उघड्या अंगणात बॉल पडला, समोरच्यांची पोरगी सुसाट सुटली, मैत्री दोन पावलं निघाली आणि थांबली. अर्ध्यात. गोल. खुर्चीवरच्यांपैकी एकानं कागदावर काहीतरी लिहिलं.

मैत्रीनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मी ओरडले, "मला काय बघतेस? वारा बघ!"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "आजी, आज वारा पडलेलाय."

"तुमचा पडला असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी बॉल आला तेव्हा ती सुटली. पांढऱ्या चौकोनाच्या बाहेर हात लावायचा नसतो म्हणे, म्हणून पायानं असा काही हाणला की बॉल थेट रस्त्यावरच्या भेळेच्या गाडीपाशी. भेळवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी डोक्यानं काढला. चौथ्या वेळी काढलाच नाही, पायात घेतला आणि शांतपणे अवनीला दिला. अवनी, ती खोटी नऊ, मागं आलेलीच होती. तिथून बॉल पुढं गेला आणि आपला गोल झाला. अक्षता थालीपिठाचा डबा हातात घेऊन नाचली.

शेवटची मिनिटं राहिली होती. समोरच्यांनी बॉल लांब टाकला, पण मध्ये नाही, पार कडेला, कोपऱ्याच्या निशाणाकडे. तिकडे कीपर सहसा जात नाही. गोल पूर्ण उघडा. मैत्री त्या पोरीच्या पायाकडे बघत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पाय वळला आणि ही निघाली. अर्ध्या वाटेत ती पोरगी तिच्या पुढं होती. मला वाटलं, थांबते आता. थांबली नाही. निशाणापाशी घसरत जाऊन तिनं बॉल रेषेबाहेर झाडला, आणि स्वतः निशाणासकट आडवी झाली.

सामना एक-एक सुटला. मग तासभर ते तिघं कागदांवर डोकी घालून बसले. आम्ही थालीपिठं खाल्ली. विश्वजीत सरांनी दोन खाल्ली आणि तिसरं सुखदेवला दिलं.

शेवटी मैत्री आली. गुडघा सोललेला, अंगभर माती.

"आजी, यादी लागली," म्हणाली आणि बाटली तोंडाला लावली.

आम्ही चौघं पाचजण तिच्या घशाकडे बघत उभे. घटाघट, घटाघट. झाकण लावलं. उघडलं.

"मग?" संजय ओरडला.

"मग काय. आहे."

"काय आहे? कोण आहे?"

"मी," ती म्हणाली. "पहिली कीपर."

अक्षता रडायला लागली, संजयनं मैत्रीला उचललं, सर कोणाला तरी फोन लावायला धावले. मी मात्र जागची हलले नाही. तिला समोर उभी केली, पदरानं तिच्या कपाळावरची माती पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मैत्री, बोलतेस तू अजून अर्धंच. पण झाडतेस कोपऱ्यापर्यंत."