रुमालाबाहेरचा भाव

शेजारच्या चुलीवर काय शिजतंय, हे शेजारणीच्या आधी इंद्रभानला कळायचं. असा चौकस माणूस साऱ्या पंचक्रोशीत नव्हता.

अनसिंगच्या बैलबाजारात त्या दिवशी एक परका माणूस त्याच्या बैलजोडीपाशी येऊन थांबला. त्याने दात पाहिले, पाठीवर थाप मारली. इंद्रभानने रीतीप्रमाणे हातावर रुमाल टाकून हात पुढे केला. बैलाचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होतो, भाव दोघांतच राहतो. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. या बाबाने मात्र भर बाजारात खणखणीत आवाजात भाव सांगितला. लोक पोट धरून हसले.

इंद्रभानची उत्सुकता अशी चाळवली, की बैल राहिले बाजूला. त्याने पाहुण्याला चहाला नेलं.

"तुमी बैलवाले नाही. खुफिया पोलीस आहा काय?"

माणूस ओशाळला, पण नाही म्हणाला नाही. इंद्रभान तर हरखूनच गेला. छप्पन साल होतं, वेगळ्या विदर्भाचं वारं होतं, आणि सरकार साध्या कपड्यांतली माणसं पाठवतं असं त्याने नुसतं ऐकलं होतं.

"मंग मले सरळ इचारा नं! सरकारले असं लपूनछपून काहून पाह्यजे?"

"लोक मनातलं काय बोलतात, ते वर कळवायचं. तुमच्यावर तक्रार नाही." पाहुण्याने बशी खाली ठेवली. "रविवारी तुमच्या खळ्यात बसणार आहात ना?"

इंद्रभानने चटकन आजूबाजूला पाहिलं. त्या बैठकीची खबर चौघांनाच होती: तो, जगदेव, रामराव आणि दौलतसिंग. वेगळ्या विदर्भासाठी कोणी कोणत्या गावी जाऊन माणसं जोडायची, ते तिथे ठरायचं होतं. तेवढं झालं तरच या भागाचा आवाज नागपुरात पोचणार होता.

"कोनं सांगतलं तुमाले?"

"ते सांगायचं नसतं," म्हणून माणूस शांतपणे निघून गेला.

रविवारी तिघंही आले. लहानपणापासून एका ताटात जेवलेली माणसं ती! पण रामराव घाम काहून पुसून राह्यला? दौलतसिंग दाराकडे काहून पाहून राह्यला? जगदेव सगळ्यांच्या आधी कसा आला? इंद्रभान एकेकाचं तोंड न्याहाळत बसला. स्वतःची लाज वाटत होती, तरी नजर काही हटेना.

"बोल नं, इंद्रभान. कोन कोनत्या गावाले जाते?" जगदेव म्हणाला.

"आज राहू द्या. मले बरं नाही वाटून राह्यलं."

ताप पाहायला जगदेवने त्याच्या कपाळाकडे हात नेला. इंद्रभानने डोकं मागे घेतलं.