फळ्यावरची बारा नावं

सातवीला भेदभावाचा धडा शिकवताना प्रियदर्शनीबाईंना वाटलं, नुसतं 'सगळे समान' म्हणून पोरांच्या डोक्यात काय शिरणार? त्यांनी फळ्यावर बारा शब्द लिहिले. चिंकी, चिपडी, नकटी, काळतोंडी... "ही नावं कुणालाही ठेवायची नाहीत. वहीत उतरवून घ्या." निम्म्या पोरांनी त्यातली निम्मी कधी ऐकलीही नव्हती. बाईंनी माकडांच्या हाती कोलीत दिलं, वर वह्या तपासून लाल शाईनं 'छान' म्हणून शेराही मारला.

वर्गातल्या शिवांजलीचा बाप विट्याकडचा गलाईवाला. सोनं गाळायचं दुकान त्यानं गुवाहाटीत थाटलं, बायकोही तिथलीच केली. पोरगी आईच्या तोंडावळ्याची. याच वर्षी ती गावातल्या शाळेत आली होती.

मधल्या सुट्टीत वर्गातल्याच विश्वजीतनं तिला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. त्याच्या दोघा दोस्तांनी तिचे हात धरले. त्यानं वही उघडली. एक नाव वाचायचं, एक थोबाडीत द्यायची. नवव्या नावाला तिचा ओठ फाटला. दहावी बसली तशी तिनं त्याचा अंगठा दातात धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. बाई धावल्या तेव्हा दोघांचे गणवेश रक्तानं भरले होते.

विश्वजीतचा आजा, रिटायर सुभेदार सयाजी, काठी आपटत ऑफिसात आला.

"चावरी पोरगी हाय. आत्ताच्या आत्ता तिचा दाखला द्या, न्हाईतर शाळंला टाळं ठोकतो."

हेडमास्तरांनी निमूट पेन उघडलं. बाईंनी विश्वजीतची वही सयाजीपुढं ठेवली. "यातलं एकेक नाव वाचून यानं तिला थोबाडीत दिलीय." तो वाचत गेला आणि पेटत गेला. काठी शेजारी उभ्या नातवाच्याच पाठीवर बसली. एक, दोन, तीन.

"असल्याच तोंडावळ्याच्या जवानांसंगं मी एका ताटात जेवलोय! कुणी शिकिवलं रं तुला ह्ये?"

विश्वजीतनं रक्ताळलेला हात बाईंकडं केला.

काठी वरच थांबली. लाजेनं बाईंना तिथून पळून जावंसं वाटलं.

"मीच," त्या म्हणाल्या. "फळ्यावर मीच लिहिलं. काढायचं तर मला काढा. ही पोरगी कुठंही जाणार नाही."

सयाजी मटकन खुर्चीत बसला. हेडमास्तरांनी पेन मिटलं.

बाई ऑफिसच्या कोपऱ्यात उभ्या शिवांजलीजवळ गेल्या. ओठ पुसायला त्यांनी हात पुढं केला. पोरीनं डोळे गच्च मिटले आणि गाल पुढं केला.

"अजून दोन नावं राहिलीत, बाई," ती म्हणाली.