संडासाचं दार

"उघड, नायतर दारासकट तुका कापतलंय."

बाबलीच्या हातात कोयता होता आणि तो नारळ सोलायला आणलेला नव्हता. आत संडासात किशोरी पाठ भिंतीला लावून उभी होती. पहिला घाव दारावर बसला तेव्हा तिनं डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले, कारण पायाला ओलं लागलं.

आषाढातलं उधाण होतं. खाडी कुंपणापर्यंत आली होती, शोषखड्डा केव्हाच भरला होता आणि भांड्यातून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. आरोंद्यात खाडीकाठच्या घरांना हे नवं नाही. भरती आली की आपण खाली सोडलेलं आपल्यालाच भेटायला वर येतं. किशोरीनं बादली उपडी घातली आणि तिच्यावर चढून उभी राहिली. बाहेर नवरा, खाली घाण, मधे ती.

भांडणाचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. जेवताना तिसऱ्यांच्या, खाडीतल्या शिंपल्यांच्या, सुक्यात दाताखाली वाळू लागली होती. बाबली पेडण्याच्या एका हॉटेलात कामाला होता, स्कूटरवरून रोज गोव्यात जायचा, आणि तिकडच्या लोकांना दिवसभर "सर, सर" करून झालं की घरी येऊन स्वतः साहेब व्हायचा. गावात मात्र त्याच्यासारखा गोड माणूस नव्हता. भजनात पखवाज वाजवायचा, म्हाताऱ्यांची औषधं आणून द्यायचा. अशा माणसाबद्दल बायकोनं तोंड उघडलं तर गाव बायकोकडेच बघतं.

दार मात्र पक्कं होतं. फणसाची जाड फळी, आणि आतून दोन्ही बाजूंच्या खोबणींत बसणारी लोखंडी आगळ. अख्ख्या घरात आतून असं बंद होणारं दार तेवढंच. बाबली दमेपर्यंत घाव घालत राहिला, मग शिव्या देत पडवीत जाऊन आडवा झाला.

थोड्या वेळानं दारावर बोटं वाजली. सासू होती, राधाबाई.

"ये गो भायर. झोपलो तो."

किशोरी बाहेर आली ती घोट्यापर्यंत घाणीत भरून. राधाबाईनं विहिरीचं पाणी ओढलं आणि तिच्या पायांवर ओतत राहिली. दारावर नवे घाव पांढरे दिसत होते. त्यांच्या वर, हात उंच केला तरच पोचावं एवढ्यावर, जुने काळपट घाव होते. लग्न होऊन आली त्या वर्षी किशोरीनं ते कसले म्हणून विचारलं होतं. पुढे खालचेही उमटायला लागले तेव्हा राधाबाईनं सांगितलं होतं, "वयले तुज्या सासऱ्याचे. खालचे माझ्या झिलाचे. सासरो तुजो उंच होतो."

आगळ राधाबाईच्या बापानं आणलेली. तो रेडीच्या बंदरावर मजूर होता. एकदा लेकीकडे आला, तिचं तोंड बघितलं, जावयाला एक शब्द बोलला नाही, आणि पुढच्या खेपेला लोखंडाची कांब घेऊन आला. त्या काळात बापाला एवढंच करता येत होतं.

*

महिनाभरात शाळेच्या पडवीत सभा झाली. खाडीकाठच्या घरांना नवे संडास मिळणार होते. गावचा पाइप-फिटर सिप्रियन समजावून सांगत होता. खड्डा नको, खणणं नको. जमिनीच्या वर चौथऱ्यावर बंद टाकी. टाकीत जिवाणूंचं पाणी सोडायचं, ते सगळं खाऊन टाकतात, आणि पलीकडून निघतं ते पाणी केळींना घाला. भरती येवो नाहीतर खाडी घरात येवो, भांड्यातून थेंब वर यायचा नाही. फक्त ॲसिड ओतायचं नाही, जिवाणू मरतात.

"ते आयतवारी सुट्टी घेतत काय रे?" कुणीतरी विचारलं.

"तुज्या घरचो माल खाऊन सुट्टी घेतली तर नवल नाय," सिप्रियन म्हणाला. पडवी हसली.

नमुन्याची खोली अंगणात उभी होती. फायबरची, हलकी, आकाशी रंगाची. लोक टाकीभोवती गोळा झाले. किशोरी दाराकडे गेली. तिनं पंजानं दाबलं तर दार पोटासारखं आत गेलं. कडी करंगळीएवढी. एवढ्या मोठ्या माणसांनी बसून वासाचा विचार केला, पाण्याचा केला, जिवाणूंच्या पोटाचाही केला, आणि आत बसलेल्या बाईचा केला नाही.

"माका नको," ती म्हणाली.

सिप्रियनला नीट ऐकू आलं नसावं. "कित्याक नको गो? फुकट मेळता."

नवरा शेजारीच उभा होता. तो गोड हसला. "तिका घाणीची सवय झाली, सिप्रियनबाब. तुमी बसवा."

सगळे हसले. सिप्रियनची बायको सेवरीना तेवढी हसली नाही. नवऱ्याच्या सामानाची पिशवी सांभाळत ती बाजूला बसली होती. पिशवीतली एक कडी तिनं हातात घेतली होती आणि उलटीसुलटी करून बघत होती.

"कडी काय बघतंस? दी हयसर." सिप्रियननं ती ओढून घ्यायला हात पुढे केला, आणि सेवरीनाचं कोपर झटकन तोंडासमोर आलं. क्षणभरच. मग तिनं केस सारखे केल्यासारखं केलं.

किशोरीनं ते बघितलं. ते कोपर तिच्या चांगल्या ओळखीचं होतं.

*

जुना संडास पाडला त्या दिवशी बाबली खुशीत होता. फणसाचं दार चुलीसाठी फोडायला त्यानं कुऱ्हाड उचलली, तर राधाबाई दारावर येऊन बसली.

"ह्या माझ्या सरणाक ठेवतलंय."

"आये, संडासाचा दार सरणाक?"

"मगे? जल्मभर तेच्याच आड ऱ्हवलंय. मेल्यारय ताच होया."

सरणाचं नाव काढल्यावर बाबलीनं कुऱ्हाड खाली ठेवली. दार गोठ्याच्या माळ्यावर गेलं. आगळ राधाबाईनं स्वतःच्या खाटेखाली सारली.

नवा संडास खरंच चांगला होता. खोटं कशाला बोला. श्रावणातल्या उधाणात खाडी अंगणात आली, पण भांडं कोरडं राहिलं. वास नाही, माशी नाही. मागच्या केळीनं अंग धरलं. किशोरीलाही क्षणभर वाटलं, आपण उगाच घाबरलो.

गणपती गेले. पखवाज खुंटीवर चढला आणि चार दिवस आवरून धरलेलं सगळं बाबलीनं एका संध्याकाळी बाहेर काढलं. या वेळी वाळूसुद्धा लागली नव्हती. हॉटेलात मॅनेजर सगळ्यांसमोर घालून पाडून बोलला होता, एवढंच. पहिली थोबाडीत बसली तशी किशोरी सवयीनं मागच्या दारानं धावली, संडासात शिरली आणि हात सवयीनं आगळीकडे गेला. तिथे करंगळीएवढी कडी होती. तिनं ती लावली.

बाबलीनं कोयताही घेतला नाही. एक लाथ घातली. कडी उडून भांड्यात पडली आणि दार मधून दुमडलं. तोच जरा चकित झाला. मग हसला. त्या हसण्याची किशोरीला लाथेहून जास्त भीती वाटली.

त्यानं तिला केसांना धरून ओढत बाहेर आणलं. टाकीच्या कडेवर तिचं डोकं आपटलं, पुन्हा आपटलं. ती खाली पडली, तिनं टाकीचा पाइप धरला, तर त्यानं त्या हातावर टाच दिली आणि सगळं अंग तोलून उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला. तरी तो उतरला नाही. "आता खंय जातलंस?" तो विचारत होता. "सांग, आता खंय जातलंस?"

आगळ त्याच्या गुडघ्यावर बसली.

बाबली ओरडून कोसळला. मागे राधाबाई उभी होती, पदर खोचून, दोन्ही हातांत कांब. त्यानं "आये" म्हटलं. तिनं त्याच गुडघ्यावर दुसरा घाव घातला.

"ह्यो तुज्या बापाशीक घालूचो ऱ्हवलेलो," ती म्हणाली, आणि मग ती रडायला लागली. मुलासाठी रडली की स्वतःसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. पण कांब खाली ठेवली नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"संडासात घसरले," किशोरी म्हणाली. ही ओळ तिला पाठ होती.

"खोटा सांगता," राधाबाई म्हणाली. "माझ्या झिलान मोडल्यान. लिवून घ्या."

पोलीस आले. बाबलीला नेलं, दम दिला, सोडलं. तो लंगडत गोव्यातच एका खोलीवर राहायला गेला. पण घर त्याचंच होतं आणि स्कूटरला रस्ता ठाऊक होता. कधी यायचं ते तोच ठरवणार होता.

*

म्हणून राधाबाईनं सिप्रियनला बोलावलं आणि माळ्यावरचं दार खाली काढायला लावलं.

"फायबराक ह्या पेलवचा नाय, राधाबाय. खोली कोसळतली."

"मगे चिऱ्याचे खांब घाल. टाकी तुजी ऱ्हवांदे. टाकी बरी आसा. दार माजा."

सिप्रियननं चिरे रचले, बिजागऱ्या ठोकल्या, आगळीसाठी खोबणी घेतल्या. काम चालू असताना त्याचं लक्ष घावांकडे जायचं आणि तो दुसरीकडे बघायचा.

दार बसलं त्या दिवशी वाडीतल्या बायका संडास बघायला आल्या. कुणी टाकीकडे फिरकली नाही. एकेक जण आत जायची, आगळ सरकवायची, दार आतून ढकलून बघायची, आणि बाहेर येऊन "बरा आसा" म्हणायची. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून किशोरी पायरीवर बसली होती. कुणी जास्त वेळ लावला की ती खाली मातीकडे बघायची.

शेवटी सेवरीना आली, नवऱ्याचा जेवणाचा डबा घेऊन. डबा तिनं चिऱ्यावर ठेवला आणि आत गेली. आगळ बसल्याचा आवाज आला.

बाकीच्या पांगल्या. सिप्रियननं हत्यारं पिशवीत भरली, हात धुतले, डबा उघडला, पुन्हा बंद केला. आतून काही हालचाल नव्हती.

"सेवरीना," त्यानं हाक मारली. "भायर ये."

तो उठला. त्याचा पंजा उगारलेला होता, दारावर थाप मारायलाच असेल. किशोरी पायरीवरून उठून दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ऱ्हवांदे तिका, सिप्रियनबाब," ती म्हणाली. "बसांदे."

सिप्रियन तिच्याकडे बघत राहिला, मग तिच्या डोक्याच्या वर, दारावरच्या घावांकडे. हात खाली आला. तो जाऊन चिऱ्यावर बसला, डब्याशेजारी.

खाडीला भरती लागली होती. पाणी कुंपणातून आत आलं, केळीच्या बुडाशी पोचलं, चौथऱ्याला लागून थांबलं. आत एक थेंब वर आला नाही. सेवरीनाला हवा तेवढा वेळ बसता येत होतं.