लंगडा माणूस माडावर कसा चढला

दरवर्षी एप्रिलच्या बारा तारखेला अलमेलू नावाची बाई कुंभकोणममधल्या, घरात तंजावरी मराठी बोलणाऱ्या डॉक्टर कल्याणरामांच्या ओट्यावर येऊन बसे. त्यांची मुलगी नित्या तिला लहानपणापासून बघत आली होती. कॉफी दिली तरी बाई पेल्याला हात लावायची नाही. तासाभरानं आत तोंड करून तमिळमध्ये एकच विचारायची, "लंगडा माणूस माडावर कसा चढला हो?" आणि निघून जायची. तेवढा वेळ नित्याचे अप्पा न्हाणीघरात कडी लावून बसत. वेडी आहे बिचारी, असं घरात सगळे म्हणत. नित्याही म्हणे.

आता नित्या निवडणुकीतल्या खुनांवर संशोधन करत होती. गावंच्या गावं पालथी घातल्यावर एक गोष्ट तिला पुनःपुन्हा दिसली: पहिला खून कागदोपत्री अपघात ठरला, की पुढच्या निवडणुकीत दुसरा पडायचाच. आडुतुरैपलीकडच्या एका गावाची फाईल तिनं उघडली. एका पक्षाचा कार्यकर्ता, बारा एप्रिलला माडावरून पडून मृत. पत्नी अलमेलू. शवविच्छेदनाच्या अहवालाखाली सही अप्पांची. पुढच्या निवडणुकीत त्याच गावात आणखी दोन पोरं कापली गेली होती.

नित्याच्या संशोधनाचा नियम कडक होता. दोन साक्षी जुळल्याशिवाय खून यादीत धरायचा नाही. एक साक्ष दरवर्षी ओट्यावर येत होती. दुसरी न्हाणीघरात कडी लावून बसत होती. आणि ही दुसरी साक्ष लिहायची म्हणजे बापाचं नाव मातीत घालायचं.

यंदा बारा तारखेला ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहिली. "अप्पा, माझे यादींत तो माणूस अझून झाडावरूनच पडतोय."

ओट्यावरून तोच प्रश्न आला. मग कडी निघाली. अप्पा भिंत धरत बाहेर गेले.

"चढलाच नाही, अम्मा," ते तमिळमध्ये म्हणाले. "पाय मीच मोजला होता. दोन इंच आखूड. मानेवर कोयत्याचे घाव होते. मारणाऱ्यांची माणसं दारात उभी होती. मी भ्यालो."

अलमेलूनं थंडगार कॉफी एका दमात संपवली. पेला खाली ठेवून ती उठली.

"नंतर मेलेल्या दोघांच्या आया आहेत," ती म्हणाली. "पुढल्या वर्षी त्यांना आणते. त्यांनाही सांगा."

ती गेल्यावर अप्पा तिच्याच जागी बसले.

"लिव, नित्या," ते म्हणाले. "माझं नांव घाल."