अदोंगोचा निरोप

“मावशी, तुम्ही इतक्या झटकन वर कशा आलात? मी तर पळत आले!”

केंडी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. स्कर्टचा काठ ओला, हातात घासलेल्या ताटांची चळत. आपियो चुलीवरच्या मोठ्या पातेल्यात उगाली घोटत होती. मक्याचं पीठ घट्ट होत आलं की हात थांबवून चालत नाही, म्हणून मान न वळवताच तिनं विचारलं, “वर? कुठून वर?”

“सरोवरावरून. आत्ता खाली सपाट खडकावर माझ्याशेजारी बसला नव्हतात का तुम्ही? माझी ताटं बघून हसलात, एक घासूनही दाखवलंत. म्हणालात, अशी घासतेस, तुझ्या सासूचं काही खरं नाही!”

“पोरी, मी पहाटेपासून या चुलीपुढून हललेली नाही.”

“मग तुमची जुळी बहीण असेल,” केंडी हसत म्हणाली.

पातेल्यातला हात थांबला.

“कुठल्या हातानं घासत होती ती?”

“डाव्या. का हो?”

उगाली खाली लागली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

आपियो सरोवराकाठच्या शाळेची स्वयंपाकीण. ऑगस्टच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं की नैरोबीकडच्या कॉलेजांतली ख्रिस्ती मुलंमुली आठवडाभर राहायला यायची; केंडी यंदाच्या तुकडीतली. घरोघर जाऊन प्रार्थना करायची, दवाखान्याच्या भिंती रंगवायची, संध्याकाळी गाणी म्हणायची. जाताना गळ्यात पडून रडायची, पत्र लिहू म्हणायची. एखादं लिहायचंही. आपियो सगळ्यांना हात हलवून पाठवायची आणि पातेली घासायला घ्यायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलं मोम्बासाला पोटापाण्याला लागली होती. तिच्याबद्दल याहून जास्त सांगावं असं गावालाही काही ठाऊक नव्हतं.

लुओ लोकांत जुळ्यांतली आधी आलेली ती आपियो, मागून आली ती अदोंगो. तिची अदोंगो डावखुरी होती. अडतीस वर्षांपूर्वी बेटावरच्या बाजाराला निघालेली निळी होडी उलटली, तीत अदोंगो होती. बाकीची माणसं सापडली, ती सापडली नाही. रीतीप्रमाणे वडीलधाऱ्यांनी यागोच्या झाडाचं लांबट फळ कापडात गुंडाळून तिच्या जागी अंगणात पुरलं. आपियो वीस वर्षांची होती. फळाला मूठमाती देताना तिला रडूच आलं नाही.

“केस कसे आहेत तिचे?” तिनं केंडीला विचारलं.

“पांढरे. अगदी तुमच्यासारखे. हा पुढचा दातसुद्धा तुमच्यासारखाच पडलाय. खरंच बहीण आहे ना? बोलत नाही वाटतं तुम्ही एकमेकींशी?”

म्हणजे ती पाण्याखाली म्हातारी होत गेली, आपियोच्या मनात आलं. माझ्याबरोबर. एकेक दिवस.

“नाही बोलत,” ती म्हणाली. “तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलते ती?”

केंडी लांबच्या मेरू भागातली, आपियोशी ती स्वाहिलीत बोलायची. तिला लुओ भाषेतला ‘पाणी’ हा शब्दसुद्धा येत नव्हता, आणि अदोंगोला लुओखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. केंडी हातातली चळत सावरत आठवू लागली.

“लक्षातच नाही आलं, मावशी. कळतं एवढं खरं.”

त्या दिवसापासून आपियो रोज वाडग्यात उगाली आणि तळलेली ओमेना मासळी घालून केंडीच्या हाती देऊ लागली. वाडगा परत यायचा तो लख्ख. सोबत काहीबाही निरोप यायचा. मीठ कमी घालतेस. आईसारखी खोकतेस, रात्री डोकं बांधून निजत जा. आपियो ऐकायची, “बरं” म्हणायची, आणि भाजी चिरता चिरता मधूनच हसायची. स्वतः खडकाकडे मात्र गेली नाही. गेलं आणि तिथं कुणीच नसलं तर, ही एक भीती. आणि असली तर, ही दुसरी.

केंडीला वाटत होतं, दोघींचं जुनं भांडण आहे. “आम्ही जायच्या आत तुमचा समेट करून देणार मी,” ती म्हणायची. “रोज प्रार्थना करते तुमच्यासाठी. किती छान आहे ती! इथं इतक्या ओळखी झाल्या, पण मैत्रीण म्हणाल तर तीच.”

निघायचा दिवस उजाडला. अंगणात बस लागली होती. मुटिसो, त्यांचा पुढारी, गाद्या मोजत ओरडत होता, “अर्धा तास! ज्यांना रडायचंय त्यांनी आत्ताच रडून घ्या!” गावातल्या बायका भुईमुगाच्या पुरचुंड्या घेऊन आल्या होत्या. केंडी धावत स्वयंपाकघरात आली.

“मावशी, मी जाऊन येते हं पटकन. ती म्हणाली, जाण्याआधी होडीतून बेटाला वळसा घालून आणते.”

“होडी बघितलीस तू?”

“हो, खडकालाच बांधली होती. निळी. एका बाजूची फळी फुटलीये, पण ती म्हणाली, चालते.”

आपियोनं हातातला चमचा खाली ठेवला. ती होडी अडतीस वर्षांपूर्वी बुडाली ती पुन्हा कुणी वर काढली नव्हती.

“मी पण येते,” ती म्हणाली आणि केंडीचं मनगट घट्ट धरलं.

“आई गं, मावशी, हळू!”

खाली काठावर एकही पाखरू नव्हतं. लाटा दोन्ही बाजूंना आपटत होत्या, खडकापाशी पाणी मात्र ताटात वाढल्यासारखं स्थिर होतं. केंडीनं मोकळा हात उंचावून हलवला. “ती काय, वाटच बघतेय!”

आपियोला ओला खडक दिसला. बाकी काही नाही.

ती पाण्याच्या कडेपर्यंत गेली. पोरीला तिनं पाठीमागे ठेवलं. “अदोंगो,” ती म्हणाली. हे नाव मोठ्यानं उच्चारून तिला किती वर्षं झाली होती. “ही कुणाची तरी लेक आहे. हिला नेऊ नकोस. न्यायचंच तर मला ने. त्या दिवशी बाजाराची पाळी माझी होती. मला ताप नव्हता गं. ओलुओच, पुढं माझा नवरा झाला तो, भेटायला येणार होता, म्हणून मी पांघरूण घेऊन पडले. त्याच्याशी संसार केला, त्यालाही कधी सांगितलं नाही. तू माझी टोपली उचललीस आणि गेलीस.”

पाणी हललं नाही.

“काय म्हणते ती?” आपियोनं विचारलं.

“मावशी…” केंडी तिच्या खांद्यावरून पुढं बघत होती. “तुम्हाला दिसत नाहीये ती?”

“कुठं आहे?”

“तुमच्या पुढ्यात. अगदी पुढ्यात. तिनं तुमच्या कपाळावर हात ठेवलाय.” केंडीनं नजर काढली नाही. “म्हणते, तेव्हाही कपाळ असंच गार लागलं होतं. म्हणते, मला तेव्हाच कळलं होतं.”

आपियो जिथं होती तिथं उभी राहिली.

“आणखी काय?”

“मला म्हणते, तू बसमध्ये जाऊन बस. तुमच्याकडे बघून नुसती हसतेय.” मग थोड्या वेळानं, “जातेय ती.”

आपियोनं सरोवराकडे पाहिलं नाही. तिथं तिला काही दिसणार नव्हतं. ती वळून पोरीच्या डोळ्यांकडे बघत राहिली. ते डोळे आधी जवळ होते, मग खडकाच्या टोकापाशी गेले, मग पाण्यावर, आणि हळूहळू लांब, बेटाच्या दिशेनं सरकत गेले. केंडीचा हात आपोआप वर झाला आणि हलत राहिला. खूप वेळानं तो खाली आला. त्याबरोबर खडकावर पहिली लाट आपटली.

चढ चढताना केंडी एवढंच म्हणाली, “मावशी, कोण होती ती?”

“बहीण,” आपियो म्हणाली. “तू पहिल्याच दिवशी ओळखलंस की.”

बसपाशी रडारड चालली होती. पत्ते लिहून घेतले जात होते, कुणी कुणाचा रुमाल ठेवून घेत होतं. मुटिसोनं प्रार्थना म्हटली. केंडीनं कुणालाच पत्ता दिला नाही. तिनं आपियोला घट्ट मिठी मारली आणि जाऊन सरोवर दिसणार नाही अशा बाजूच्या खिडकीत बसली.

बस सुटली. लाल धूळ उडाली. फाटकातल्या बायकांनी खांद्यावरच्या कापडांनी डोळे, मग धुळीनं माखलेली तोंडं पुसली. आपियोही हात हलवत उभी होती. तिच्या कपाळावर पाणी होतं. त्यातला एक थेंब भुवईपर्यंत ओघळला आणि तिथं थांबला. तिनं तो पुसला नाही.